जांघेतील गाठ : गळू की रोहिणीचा फुगा?

मागे एक पंचविशीतला तरुण वडिलांबरोबर माझ्याकडे आला. जांघेत लिंबाएवढी लालभडक, दुखरी गाठ आणि अंगात ताप. "गळू झालंय, फोडून द्या," वडील म्हणाले. मी गाठीवर बोटे ठेवली आणि थबकलो. गाठ नाडीच्या ठोक्याबरोबर उडत होती! वडिलांना बाहेर बसवून विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टर, मी तिथेच नशेचं इंजेक्शन घेतो."

हातांच्या शिरा निकामी झाल्या, की व्यसनी माणूस जांघेतल्या नीलेत सुई टोचतो. तिला खेटूनच मोठी रोहिणी असते. सुईने तिला भोक पडले, की रक्त बाहेर साचून फुगा तयार होतो आणि त्यात जंतू शिरतात. गळू समजून तो कापला, तर काही मिनिटांत रक्तस्रावाने प्राण जाऊ शकतो.

डॉप्लर सोनोग्राफीने निदान पक्के झाले. शस्त्रक्रियेत आधी फुग्याच्या वर रोहिणी चिमट्याने बंद केली, मग फुगा काढून तिची तोंडे बांधली. पू असलेल्या जागी कृत्रिम नळी बसवली, तर तिलाही जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. शेजारच्या लहान रोहिण्यांनी रक्त पुरवले आणि पाय वाचला. प्रत्येकाचा वाचतोच असे नाही. यालाही फार चालले, की पोटरी दुखते.

वाचकहो, उडणाऱ्या गाठीवर पोटीस बांधू नका, चीर देऊ नका. रक्त आलेच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि तडक रुग्णालय गाठा. डॉक्टरांपासून सुई लपवू नका. व्यसन हा आजार आहे, आणि त्यावरही उपचार आहेत.