डांबर आणि औषधी शांपू

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टीला कोक लागतो. तो मिळविण्यासाठी दगडी कोळसा बंद भट्टीत, हवा लागू न देता, सुमारे १,००० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. त्या वेळी बाहेर पडणारा वायू थंड केला की काळा, चिकट, उग्र वासाचा द्रव वेगळा होतो. हेच कोळशाचे डांबर होय. रस्त्यांसाठी खनिज तेलापासून काढतात ते डांबर याहून निराळे.

या ओंगळ दिसणाऱ्या पदार्थाला त्वचारोगांच्या चिकित्सेत जुने स्थान आहे. १९२५ मध्ये अमेरिकन वैद्य विल्यम गोकरमन यांनी सोरायसिससाठी डांबराचा लेप आणि अतिनील किरण यांची जोड देणारी उपचारपद्धती मांडली. निरोगी त्वचेच्या पेशींना तळापासून पृष्ठभागावर येऊन गळून पडण्यास सुमारे चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास अवघ्या काही दिवसांत होतो आणि पेशींचे जाड, रुपेरी खवले साचतात. डांबर पेशींच्या या वाढीचा वेग मंदावते. मात्र कारखान्यातील कच्च्या डांबरात कर्करोगकारक द्रव्ये असतात. शांपूमध्ये वापरतात ते औषधासाठी सिद्ध केलेले डांबर असून त्याचे प्रमाण साधारणतः शेकडा ०.५ ते ५ एवढे अल्प असते.

कोंड्याचे कारण वेगळे. डोक्याच्या त्वचेवर मॅलॅसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी प्रायः सर्वांच्याच ठिकाणी वास करते आणि त्वचेतील तैलांशावर जगते. त्यातून निर्माण होणारी मेदाम्ले काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. मग खाज सुटते आणि पापुद्रे निघतात. कोंडा म्हणजे डोके कोरडे पडले, असे समजून आपल्याकडे भरपूर तेल चोळण्याची रीत आहे. त्यामुळे पापुद्रे घटकाभर दबतात, पण बुरशीला मात्र खाद्य मिळण्याचा संभव असतो. येथे केटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइड यांसारखी बुरशीरोधक द्रव्ये असलेला शांपू उपयोगी पडतो. खवले जाड असल्यास सॅलिसिलिक आम्ल ते सैल करते.

औषधी शांपू निष्फळ ठरण्याचे सामान्य कारण म्हणजे घाई. साध्या शांपूचे काम मळ काढण्याचे; औषधी शांपूचे काम त्वचेवर थांबण्याचे. म्हणून तो केसांना नव्हे, तर केसांखालच्या त्वचेला हलके चोळून तीन ते पाच मिनिटे राहू द्यावा व नंतर धुवावा. केटोकोनॅझोलचा शांपू सामान्यतः आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. डांबरयुक्त शांपू लावल्यावर त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते, हेही ध्यानी ठेवावे.

या उपायांनी विकार आटोक्यात येतो, समूळ जात नाही. उपचार थांबल्यावर तो पुन्हा उद्भवू शकतो. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटून चकंदळे पडली असतील, तर ते गजकर्ण असू शकते. ही बुरशी केसांच्या मुळांत शिरलेली असल्याने केवळ शांपूने हटत नाही. पोटात घेण्याचे औषध लागते. अशा मुलाला कोंडा समजून महिनोन्‌महिने घरीच ठेवले, तर केस कायमचे जाण्याची भीती असते. म्हणून बाटली निवडण्यापूर्वी विकार कोणता आहे, हे ओळखणे अगत्याचे आहे.