बंद झालं म्हणजे फसलं का?

जानेवारी २०२१मध्ये गूगलची मातृकंपनी अल्फाबेटने ‘लून’ हा उपक्रम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. दुर्गम भागांत मोबाइलचे मनोरे उभारणं परवडत नाही, म्हणून टेनिस कोर्टाएवढे पॉलिथिनचे फुगे वीसेक किलोमीटर उंचीवर सोडायचे आणि त्यांवरून इंटरनेट पुरवायचं, अशी ही योजना होती. फुग्याला इंजिन नव्हतं. वेगवेगळ्या उंचीवर वारे वेगवेगळ्या दिशांना वाहतात, त्यामुळे फुगा गरजेप्रमाणे वर-खाली होऊन सोयीचा वारा पकडायचा. २०१३मध्ये न्यूझीलंडमध्ये जाहीर चाचण्या झाल्या. २०१७मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्टो रिकोतली मोबाइल सेवा कोलमडली, तेव्हा लोकांना जोडून देण्याच्या कामी हे फुगे आले. एक फुगा तर सलग ३१२ दिवस हवेत राहिला. जुलै २०२०मध्ये केनियात टेल्कॉम केनियाच्या साथीने व्यावसायिक सेवा सुरू झाली आणि वर्षही पूर्ण व्हायच्या आत थांबली. धंदा टिकेल इतका खर्च खाली आणणं जमलं नव्हतं.

धंदा म्हणून लून फसलं, यात वाद नाही. पण गूगलने बंद केलेल्या उत्पादनांची यादी करून ‘बघा, किती वेळा तोंडावर आपटले’ असं म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. त्या यादीत सगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात. जोखमीच्या उत्पादनाबाबत दोन गोष्टी तपासायला हव्यात: ते बंद पडल्यावर दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल असं काही मागे राहिलं का, आणि जोखमीचा भार कुणी उचलला. या दोन कसोट्या लावल्या की यादीतली नावं वेगवेगळ्या रांगांत जाऊन बसतात.

लूनचंच पाहा. फुग्यांनी एकमेकांशी प्रकाशकिरणांनी संवाद साधावा, यासाठीचं तंत्र तिथे विकसित झालं. तेच तंत्र जमिनीवर आणून ‘तारा’ हा उपक्रम उभा राहिला. काँगो नदीच्या एका काठावर ब्राझाव्हिल, दुसऱ्या काठावर किन्शासा, दोन देशांच्या राजधान्या. मध्ये जेमतेम पाच किलोमीटर अंतर, पण फायबर केबल न्यायची तर सुमारे चारशे किलोमीटरचा वळसा. २०२१मध्ये ताराने हे अंतर थेट किरणांनी जोडलं. पुढे भारतात भारती एअरटेलबरोबरही या तंत्रावर काम सुरू झालं आणि २०२५मध्ये तारा स्वतंत्र कंपनी झाली. लून बंद करताना केनियातल्या संपर्क, उद्योजकता आणि शिक्षणविषयक कामांसाठी एक कोटी डॉलर देण्याचं वचनही दिलं गेलं होतं.

‘मकानी’चं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. दोरीने बांधलेलं, पतंगासारखं घिरट्या घालणारं यान वाऱ्यावर उडवून वीज तयार करायची, असा हा प्रयोग होता. नॉर्वेच्या समुद्रात चाचण्या झाल्या आणि २०२०च्या फेब्रुवारीत अल्फाबेटने अंग काढून घेतलं. त्याच वर्षी चमूने आपले तांत्रिक अहवाल, उड्डाणांच्या नोंदी आणि संगणकीय कोड प्रसिद्ध केले आणि पेटंटच्या आधारे कुणाला अडवणार नाही असं जाहीर केलं. काय जमलं नाही आणि का जमलं नाही, हे पुढच्या संशोधकाला फुकट कळलं. असं काम फसलं म्हणायला जीभ रेटत नाही.

यावर आक्षेप येतो की ‘त्यातून शिकलो’ हे कशाबद्दलही म्हणता येतं. आक्षेप खरा आहे. म्हणूनच शिकण्याची गोष्ट बोट ठेवून दाखवता यायला हवी, आणि ती दाखवता येत नाही अशी उदाहरणंही आहेत. ‘गूगल प्लस’ हे समाजमाध्यम २०११मध्ये आलं ते फेसबुकच्या धास्तीने. त्यात नव्या वाटेची जोखीम नव्हती, दुसऱ्याच्या वाटेवर उशिरा धावणं होतं. लोकांना ते नको होतं, तरी ते यूट्यूबच्या प्रतिक्रियांनाही जोडण्यात आलं. वापरकर्त्यांची माहिती उघडी पडू शकेल अशी त्रुटी मार्च २०१८मध्ये कंपनीला सापडली. ती ऑक्टोबरपर्यंत जाहीर झाली नाही, आणि पाच लाखांपर्यंत खात्यांना तिची झळ पोहोचू शकत होती. नव्वद टक्के भेटी पाच सेकंदांहूनही कमी टिकतात, हे कंपनीनेच तेव्हा सांगितलं. याला मी निखळ अपयश म्हणतो. त्याला प्रयोगाचं कवच देणं खऱ्या प्रयोगांवर अन्याय आहे.

‘गूगल ग्लास’चा निवाडा अधिक अवघड आहे. २०१३मध्ये दीड हजार डॉलरना मिळणारा हा कॅमेरा असलेला चष्मा खरोखरच धाडसी होता. त्याची सर्वसामान्यांसाठीची विक्री जानेवारी २०१५मध्ये थांबली. २०१७मध्ये तो कारखाने आणि गोदामांतल्या कामगारांसाठी परत आला आणि २०२३मध्ये कायमचा गेला. तंत्र उपयोगी होतं, हे त्या कारखान्यांनी दाखवलं. पण रस्त्यावर, हॉटेलात जोखीम चष्मा घालणाऱ्याने पत्करली होती आणि झळ पोहोचत होती समोर बसलेल्याला. आपलं चित्रण होतंय की नाही, हे त्याला खात्रीने कळायला मार्ग नव्हता आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या कसोटीवर ग्लास नापास होतो, मग तो कितीही कल्पक असो.

उलट, बंद होऊनही यशस्वी ठरलेली गोष्ट आपल्याकडेच घडली. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगलचं मोफत वायफाय सुरू झालं आणि पुढे ते चारशेहून अधिक स्थानकांवर पोहोचलं. २०२०मध्ये गूगलने जगभरातली ‘गूगल स्टेशन’ योजना आवरती घेतली. पण केबलचं जाळं आणि व्यवस्था रेलटेलची होती, त्यामुळे प्रवाशांचं वायफाय चालू राहिलं. नाव यादीत गेलं, सेवा स्थानकात राहिली.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा आहे. २०२४मध्ये अल्फाबेटच्या ‘अदर बेट्स’ या जोखमीच्या विभागाने सुमारे १.६५ अब्ज डॉलर मिळवले आणि ४.४४ अब्ज डॉलर गमावले. त्याच वर्षी जाहिरातींतून २६४ अब्जांहून अधिक आले. २००९मध्ये सुरू झालेल्या चालकविरहित मोटारीला, म्हणजे आजच्या वेमोला, एवढी वर्षं तोट्यात तग धरू देणं मुख्यतः या पैशामुळे शक्य झालं. लहान कंपनी तिसऱ्या वर्षी बुडाली असती. आणि हा पैसा कुठून येतो? शोधसेवेतली मक्तेदारी गूगलने बेकायदा मार्गाने टिकवली, असा निकाल ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने दिला. म्हणजे प्रयोगांच्या खर्चात, जाहिरातीची चढी किंमत मोजणाऱ्या दुकानदारांचाही वाटा असू शकतो. यावरून प्रयोग थांबवावेत असं मला वाटत नाही. भांडवलदार घाबरतात तिथे कुणीतरी पैसा घालायलाच हवा. पण मक्तेदारीच्या पैशाने झालेल्या शोधांवर समाजाचा हक्क असतो, हा विचार अमेरिकेला नवा नाही. ट्रान्झिस्टर बेल लॅब्समध्ये जन्मला तो दूरध्वनीच्या मक्तेदारीच्या जिवावर. सरकारशी झालेल्या १९५६च्या तडजोडीने ती मक्तेदारी चालवणाऱ्या ए टी अँड टीला तोवरची पेटंट बहुतेक अमेरिकी कंपन्यांसाठी विनामोबदला खुली करावी लागली. अल्फाबेटवर आपले शोध असे खुले करण्याचं बंधन नाही. मकानीच्या नोंदी जगाला मिळाल्या त्या कंपनीच्या मर्जीने, आणि पुढचा प्रयोग बंद पडेल तेव्हा त्याच्या नोंदी मिळतीलच अशी हमी कुणी घेतलेली नाही.