मारानें सत्य हातीं लागतें काय?

गुन्ह्याच्या तपासांत संशयितास मारहाण करणें वाईट, हें बहुतेक सुशिक्षित माणसें मान्य करतात. परंतु त्यापाठोपाठ पुष्कळदां एक ‘पण’ येतो. ‘वाईट खरें, पण त्यावांचून माहिती कशी मिळणार?’ या प्रश्नांत एक समजूत गृहीत धरलेली असते. ती अशी कीं, यातना हें साधन क्रूर असलें तरी उपयोगी आहे. नीतीचा विचार क्षणभर बाजूस ठेवून या समजुतीचीच परीक्षा करून पाहणें अगत्याचें आहे. कारण साधनच निरुपयोगी ठरलें, तर त्या ‘पण’ला जागा उरत नाहीं.

समजा, मारेगांवच्या बाजारांत कापूस विकून परतणाऱ्या एका शेतकऱ्याचे पैसे चोरीस गेले आणि केवळ संशयावरून एका मजुरास धरून मार दिला. तो खरा चोर असेल, तर पैसे कोठें पुरले तें सांगेल, किंवा निगरगट्ट असल्यास सांगणारही नाहीं. तो चोर नसेल, तर त्याच्यापाशीं सांगण्याजोगें कांहींच नाहीं. मार थांबविण्याचा एकच मार्ग त्याला दिसतो: विचारणाऱ्यास जें ऐकावयाचें आहे, तें सांगून टाकणें. दोघांचेही शब्द विचारणाऱ्याच्या कानीं सारखेच पडतात. बळकट गुन्हेगार सुटतो आणि दुबळा निरपराधी अडकतो, हा या पद्धतीचा दोष इटलींतील विचारवंत बेक्कारिया यानें १७६४ सालींच दाखवून दिला होता.

तरीही चोरीच्या बाबतींत निदान जमीन खणून पाहतां येते. कटाच्या तपासांत तीही सोय नसते. बैठकीस कोण होतें, पैसा कोणीं पुरविला, बेत कोणाचा, या प्रश्नांचीं उत्तरें पडताळण्यास खणावयाची जागा कोठें आहे? एकानें मारापुढें दुसऱ्याचें नांव घ्यावें, त्या दुसऱ्यास धरावें, त्यानेंही मारापुढें तीच हकीकत सांगावी. आणि मग दोन खोट्या जबान्या एकमेकींस आधार देत उभ्या राहाव्या, असें घडतें. म्हणजे जेथें माहितीची निकड सर्वांत मोठी, तेथेंच हें साधन सर्वांत अधिक फसवें!

आपल्याकडील कायद्यानें ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली. मद्रास इलाख्यांतील छळाची चौकशी करणाऱ्या कमिशनचा अहवाल १८५५ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें, पोलीस अंमलदारापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरतां येणार नाहीं, असें ठरविलें. या कायद्याचा कर्ता स्टीफन यानें पोलिसी छळाचें एक कारण एका अनुभवी अंमलदाराच्या तोंडून ऐकून नमूद केलें आहे. उन्हांतान्हांत पुरावा शोधीत हिंडण्यापेक्षां सावलींत बसून गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणें सुखाचें असतें, असा त्याचा आशय. छळाचें मूळ क्रौर्यापेक्षां आळसांत अधिक असतें, हें या उद्गारांत स्पष्ट दिसतें.

त्याच कायद्याच्या २७ व्या कलमानें मात्र एक दार किलकिलें ठेवलें. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तुस्थिति उघडकीस आली, तर तिच्याशीं निगडित असलेला तेवढाच भाग पुराव्यांत घेतां येतो. या मर्यादेचा नेमका अर्थ प्रिव्ही कौन्सिलनें १९४६ सालीं सांगितला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमांतही हेंच तत्त्व कायम आहे. म्हणजे कायद्याचा विश्वास शब्दांवर नसून पडताळ्यावर आहे.

महाराष्ट्रांत १९९९ च्या संघटित गुन्हेगारी प्रतिबंधक कायद्यानें, ज्यास मोक्का म्हणतात, या नियमास अपवाद केला. पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानें नोंदविलेली कबुली ग्राह्य ठरूं लागली. या अपवादाची कसोटी मुंबईच्या एका भयंकर खटल्यांत लागली. ११ जुलै २००६ रोजीं पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. २०१५ सालीं विशेष न्यायालयानें बारा जणांना दोषी ठरविलें. पांचांना फांशी, सातांना जन्मठेप. परंतु २१ जुलै २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें त्या सर्वांना निर्दोष ठरविलें. निरनिराळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतील मजकुराचें साम्य न्यायालयास खटकलें, आणि ते छळ करून घेतल्याचा आक्षेपही त्यानें मान्य केला. बारांपैकीं एक जण त्यापूर्वींच, २०२१ सालीं, कैदेंत असतां वारला होता. सरकारनें अपील केल्यावर सर्वोच्च न्यायालयानें २४ जुलै रोजीं या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्यास मनाई केली. सुटलेल्यांस मात्र पुन्हा तुरुंगांत जाण्यास सांगितलें नाहीं.

उच्च न्यायालयाच्या या निकालाप्रमाणें पाहिलें, तर हानि दुहेरी आहे. एकीकडे कांहीं माणसांचीं एकोणीस वर्षें गेलीं. दुसरीकडे ज्यांचे आप्त त्या गाड्यांतून घरीं परतले नाहींत, त्यांना खरा अपराधी कोण याचें उत्तर मिळालें नाहीं. खोटी कबुली हातीं आली कीं शोध थांबतो, आणि त्या अवधींत खरा गुन्हेगार मोकळा राहतो.

परदेशांतील अनुभव निराळा नाहीं. इजिप्तमध्यें छळ झालेल्या अल्-लिबी नांवाच्या कैद्यानें इराक व अल्-कायदा यांच्या संबंधाविषयीं जें सांगितलें, त्याचा आधार ५ फेब्रुवारी २००३ रोजीं अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं संयुक्त राष्ट्रांपुढील भाषणांत घेतला. इराकवर युद्ध लादलें गेलें. पुढल्या वर्षीं त्या कैद्यानें आपलें सांगणें मागें घेतलें. २०१४ सालीं अमेरिकी सेनेटच्या समितीनें हेरखात्यानें पुढें केलेल्या यशाच्या वीस ठळक उदाहरणांची छाननी केली व तीं टिकत नाहींत असा निष्कर्ष काढला. हेरखात्यास तो मान्य झाला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. बाँब फुटण्यास घटकाभर अवकाश आहे आणि ठिकाण एकट्या कैद्यास ठाऊक आहे, तेव्हां काय करावें? या कोड्यांत कैदी खराच माहीतगार आहे, हें आधींच गृहीत धरलेलें असतें. प्रत्यक्षांत नेमकी तीच खात्री नसते. शिवाय वेळ थोडा असेल, तर एक खोटा पत्ता सांगून तो थोडा वेळही घालवितां येतो. यातनेनें कधींच खरें निघत नाहीं, असें कोणी म्हणणार नाहीं. पण निघालेलें खरें कोणतें, हें यातना सांगूं शकत नाहीं.

मग माहिती मिळते कशी? दुसऱ्या महायुद्धांत हान्स शार्फ हा जर्मन चौकशीकार पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांशीं मित्रत्वानें बोले, त्यांच्याबरोबर फिरावयास जाई, आणि आपणांस सर्व कांहीं आधींच ठाऊक आहे असें भासवी. कैदी नकळत राहिलेले दुवे पुरवीत. या कामास संयम, भाषा, मागील कागदपत्रांचा अभ्यास आणि प्रत्येक शब्दाचा पडताळा लागतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९९६ मध्यें डी. के. बसू खटल्यांत अटकेचे नियम घालून दिले: अटकेचा कागद करावा, आप्तांस कळवावें, वैद्यकीय तपासणी व्हावी. हे नियम तपासाच्या पायांतील बेड्या आहेत, असें कोणास वाटेल. वास्तविक ते तपासाला सावलींतून उठवून उन्हांत, पुराव्याच्या वाटेवर, आणून सोडतात.