दहावीच्या वर्षातली दुसरी तयारी

दहावीचे वर्ष सुरू झाले की आपल्याकडे घराची रीतच बदलते. टीव्ही बंद होतो, जत्रेला जाणे राहते, पाहुण्यांना सुद्धा ‘यंदा आमची पोरगी दहावीला आहे’ असे आधीच सांगून ठेवले जाते. यात वाईट काही नाही. पण ही सारी तयारी असते परीक्षेची. परीक्षेच्या पलीकडे जे कॉलेज उभे असते, त्याची तयारीही याच वर्षात करावी लागते, हे मात्र फार थोड्या घरांत कोणी बोलते. तालुक्याच्या गावी प्रवेशाच्या टेबलाशी बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला दरसाल हे दिसते. मुलगा चांगले ऐंशी टक्के घेऊन येतो, त्याचे गुण कुठेच कमी पडत नाहीत, आणि तरी तो अडतो. कधी एका कागदापाशी अडतो, कधी पहिल्याच महिन्यात भाषेपाशी अडतो. श्रोतेहो, आज या दुसऱ्या तयारीविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आपल्या वाडवडिलांची मॅट्रिक अकरावीची होती. १९७५ साली शालान्त परीक्षा दहावीवर आली आणि पुढची दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयाकडे गेली. म्हणजे जो उंबरठा पूर्वी मूल सोळा-सतरा वर्षांचे झाल्यावर ओलांडत असे, तो आता पंधराव्या-सोळाव्या वर्षीच ओलांडावा लागतो. काही गावांत अकरावी-बारावी शाळेलाच जोडलेली आहे. तेथे इमारत तीच राहते, घंटाही तीच राहते, पण अभ्यासाची तऱ्हा बदलते ती बदलतेच. एवढ्या कोवळ्या वयात मूल ही उडी घेते, म्हणून घराने आणि शाळेने तिची आखणी आधीपासून करायला हवी.

पहिली गोष्ट नावाची. तुम्ही म्हणाल, नावात काय तयारी करायची? पण दहावीच्या गुणपत्रकावर आणि प्रमाणपत्रावर जे नाव छापून येते, ते माणसाला जन्मभर पुरते. पुढचा प्रत्येक अर्ज, बँकेचे खाते, शिष्यवृत्ती, नोकरी, सारे त्या नावाशी ताडून पाहिले जाते. परीक्षेचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरले जातात आणि मंडळाकडून शाळेत विद्यार्थ्यांची एक यादी तपासायला येते. तिला प्री-लिस्ट म्हणतात. ही यादी वर्गात नुसती वाचून दाखवून भागत नाही. शिक्षकबंधुभगिनींनो, ती प्रत्येक मुलाच्या हाती द्या, त्याच्याकडून आधार कार्ड मागवा, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरातले नाव, आधारवरचे नाव आणि यादीतले नाव ही तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख, आणि इंग्रजी अक्षरांतली जुळणी. एका ठिकाणी एक ‘ए’ आणि दुसऱ्या ठिकाणी दोन ‘ए’, एवढ्यावरूनही काम थांबते. विद्यार्थी शाळेत असेपर्यंत ही दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत होऊ शकते. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला, की तीच दुरुस्ती फार अवघड होते. मग विभागीय मंडळाच्या गावी खेटे, प्रतिज्ञापत्रे, आणि दरम्यान शेतातली कामे तशीच.

दुसरी गोष्ट दाखल्यांची, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, ज्यांना लागू असेल त्यांना जातीचा दाखला आणि उन्नत गटात मोडत नसल्याचा, म्हणजे नॉन-क्रिमिलेअरचा दाखला. निकाल लागला की सारा तालुका एकाच आठवड्यात सेतू केंद्रापुढे उभा राहतो. मशीन बंद पडते, सर्व्हर मिळत नाही, साहेब बैठकीला गेलेले असतात. काही दाखल्यांना पंधरवडा लागतो, काहींना महिना-दीड महिना. आणि प्रवेशाची फेरी काही कुणासाठी थांबत नाही. ‘गुण तर येऊ द्या, मग बघू’ असे वडील माणसे म्हणतात. हे तहान लागल्यावर विहीर खणण्यापैकी आहे.

जातीच्या दाखल्यात वेळ कुठे जातो, ते समजून घ्यावे. हा दाखला प्रांताधिकारी देतात, पण त्यासाठी पुरावा आपल्याला शोधावा लागतो, आणि तोही जुना. कायद्याने प्रत्येक प्रवर्गासाठी एक तारीख मानलेली आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. कुटुंब त्या तारखेला किंवा त्याआधी महाराष्ट्रात राहत होते आणि त्याची जात काय होती, हे कागदावरून दिसले पाहिजे. मुलाच्या दाखल्यावर जात लिहिलेली आहे, एवढ्याने निभत नाही. आजोबा कुठल्या शाळेत पहिलीत बसले होते? त्यांचे नाव तेथल्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात आहे का? आजोबा शाळेतच गेले नसतील, तर चुलत आजोबा गेले होते का? वडिलांच्या बाजूच्या कुणाही जवळच्या रक्तनात्यातल्या माणसाची नोंद चालते, फक्त वंशावळीने ती आपल्याशी जोडून दाखवावी लागते. शाळा नसेल, तर गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात, ज्यांना कोतवाल बुक म्हणतात. त्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळतात.

मी इतिहास शिकवतो, म्हणून एक गोष्ट ओघाने सांगतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धातल्या यांतल्या पुष्कळ नोंदी मोडी लिपीत आहेत. कागद हाती येतो आणि घरातल्या कुणालाच तो वाचता येत नाही. मग मोडी जाणणाऱ्या माणसाकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते, आणि असे जाणकार प्रत्येक तालुक्याला नसतात. आपल्याच आजोबांचे नाव आपल्याला वाचता येऊ नये, याची खंत वाटते खरी. पण खंत करीत बसायला जूनमध्ये वेळ नसतो. म्हणून हा शोध दहावीच्या उन्हाळ्यात नको, आदल्या दिवाळीच्या सुटीत करावा. तेव्हा परगावचे भाऊबंद घरी आलेले असतात, म्हातारी माणसे बोलायला मोकळी असतात, आणि कोण कुठे शिकले हे त्यांनाच ठाऊक असते. मुलाने हातात वही घेऊन आजीपाशी बसावे आणि वंशावळ लिहून काढावी. मुलांना हे काम आवडते, असा माझा अनुभव आहे.

जातीचा दाखला मिळाला की काम संपले, असेही नाही. बारावीनंतर व्यावसायिक शिक्षणाला राखीव जागेवर जायचे, तर जिल्ह्याच्या पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्याला काही महिने जातात, म्हणून अकरावीत नाव दाखल होताच त्याचा प्रस्ताव कॉलेजमार्फत पाठवावा. हे सारे कशासाठी? पैशाचा हिशेब पाहा. २०२४-२५ पासून राज्य शासनाने, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले आहे. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून जागा मिळालेली असावी लागते. म्हणजे हुशार मुलीच्या इंजिनियरिंगची वा औषधनिर्माणशास्त्राची वाट आज एका दाखल्याने मोकळी होते आणि त्याच दाखल्यावाचून बंदही होते. बाप फी भरू शकत नाही म्हणून मुलीचे शिक्षण थांबले, हे दुःख जुने आहे. फी माफ असूनही कागद वेळेत आला नाही म्हणून थांबले, हे नवे दुःख आहे, आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

उत्पन्नाच्या दाखल्याविषयी एवढेच, की त्याला मुदत असते. फार आधी काढला तर प्रवेशाच्या वेळी शिळा होतो. त्यासाठी तलाठ्यांना, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांना, एप्रिलमध्ये भेटणे बरे. मुलाच्या नावाचे बँक खाते आधारला जोडलेले असावे, कारण शिष्यवृत्तीची रक्कम सरळ खात्यात येते.

आता भाषेकडे वळू. मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावी शास्त्र शाखेत येतो आणि पुस्तक उघडतो, तर सारे इंग्रजीत. गंमत अशी, की निम्मा विषय त्याला आधीच येत असतो. प्रकाशाचे अपवर्तन त्याने दहावीत केलेले असते, आकृत्या काढलेल्या असतात, उदाहरणे सोडवलेली असतात. पण वर्गात प्राध्यापक ‘रिफ्रॅक्शन’ म्हणतात, तेव्हा हा आपला जुनाच पाहुणा आहे हे त्याला ओळखता येत नाही. तो घाबरतो, मागच्या बाकावर जातो, आणि दिवाळीपर्यंत ‘मला शास्त्र झेपत नाही’ असा निकाल स्वतःच देऊन मोकळा होतो. झेपत नाही असे नसते हो. फक्त ओळख करून दिलेली नसते.

याला उपाय साधा आहे. दहावीच्या मराठी विज्ञान पुस्तकात पुष्कळ ठिकाणी मराठी संज्ञेशेजारी कंसात इंग्रजी शब्द छापलेला असतो. परीक्षेत तो विचारत नाहीत, म्हणून मुले त्यावरून नजर सरकवतात. एक शंभर पानी वही घ्यावी, पानाच्या मधोमध रेघ मारावी, डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी. भिंग म्हणजे लेन्स, गुरुत्वाकर्षण म्हणजे ग्रॅव्हिटेशन, आवर्तसारणी म्हणजे पिरिऑडिक टेबल, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, आनुवंशिकता म्हणजे हेरेडिटी. धडा शिकवून झाला की शिक्षकांनी पाच मिनिटे काढून हे शब्द फळ्यावर लिहावेत आणि मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावेत. मोठ्याने म्हणणे महत्त्वाचे, कारण कॉलेजात शब्द आधी कानावर येतो, मग कागदावर. वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्यालाही नावे म्हणजे डेबिट आणि जमा म्हणजे क्रेडिट हे ठाऊक असलेले चांगले, जरी त्याला उत्तरे मराठीत लिहिण्याची सोय असली तरी.

भाषेहूनही मोठी अडचण ऐकण्याची आहे, असे माझे मत आहे. शाळेत गुरुजी प्रश्नोत्तरे लिहून देतात, मुले उतरवून घेतात. कॉलेजात शंभरेक मुलांच्या वर्गात तास चालतो आणि कोणी ‘लिहून घ्या’ म्हणत नाही. बोललेल्यातले सार उचलून चार ओळींत मांडणे, ही कला आहे आणि ती सवयीने येते. त्यासाठी रेडिओसारखा शिक्षक नाही. (माझ्या तोंडी हे वाक्य तुम्हाला अपेक्षितच असेल!) रोज दहा मिनिटांच्या बातम्या वा एखादे भाषण ऐकावे. ऐकताना फक्त नावे, आकडे आणि मुख्य मुद्दे टिपावेत. बंद झाल्यावर त्यांवरून पाच वाक्ये लिहावीत. पहिल्या आठवड्यात काही जमणार नाही. महिन्याभरात हात बसतो.

शाखा कोणती घ्यावी, यावर मी फार बोलत नाही. जास्त गुण म्हणजे शास्त्र, मधले वाणिज्य आणि उरलेले कला, ही जी उतरंड आपण रचून ठेवली आहे ती मला मुळीच मान्य नाही. एवढेच ध्यानात घ्यावे, की गणित सोडले तर पुढची बरीच दारे बंद होतात. तेव्हा कंटाळ्यापोटी ते सोडू नये. आणि दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका आहे, आय.टी.आय. आहे. पदविकेवरून इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. हे रस्ते दुय्यम नाहीत.

शेवटी कॉलेज पाहून येण्याविषयी. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले. त्या वर्षी विद्यार्थ्याला एकापासून दहापर्यंत कॉलेजे पसंतीच्या क्रमाने भरायची होती, आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. नियमांत दरसाल थोडाफार फरक होतो, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी. पण ज्या कॉलेजचे फक्त नाव ऐकले आहे, ते गावातल्या नेट कॅफेत बसून पहिल्या क्रमांकावर टाकायचे, हे धाडस कशाला? परीक्षा संपल्यावर मोकळे दिवस असतात. आई-वडिलांपैकी एकाने मुलासोबत, आणि मुलीसोबत तर जरूर, एक दिवस कॉलेजच्या गावी जावे. ग्रंथालय उघडे असते का, प्रयोगशाळेत खरोखर प्रयोग होतात का, मुलींसाठी बसायला खोली आहे का, हे शिपायाला विचारले तरी कळते. राहायचे असेल, तर समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज कधी सुटतो ते तेथेच विचारावे. जाऊन येऊन करायचे असेल, तर एस.टी.च्या आगारात जावे, आपल्या गावाकडे सकाळची पहिली गाडी केव्हा निघते, शेवटचा तास सुटल्यावर कोणती सापडते आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की ती कुठपर्यंत येते, हे विचारून त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून आणावे.