तापाची गोळी आणि रोजची गोळी

पावसाळा ओसरू लागला, कापूस फुटायच्या बेतात आला, की बोदवड आणि आसपासच्या गावांतल्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढतात. कुणाला डेंग्यू, कुणाला टायफॉइड, कुणाला नुसताच व्हायरल, आणि काहींना थंडी वाजून चढणारा, घाम फुटून उतरणारा हिवताप, म्हणजे मलेरिया. जळगाव जिल्ह्यात गडचिरोलीसारखा मलेरिया नाही, पण इथली माणसं पोटासाठी बाहेर जातात. भुसावळहून गाडी धरून सुरतेला, मुंबईला कामाला जाणारे खानदेशात घरोघरी सापडतील, आणि मलेरियाने या दोन्ही शहरांना बरीच वर्षं सतावलं आहे. त्यात बोदवड हा पाणीटंचाईचा तालुका. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की टाक्या, हौद, रांजण भरून ठेवावे लागतात. ॲनाफिलिस स्टिफेन्सी जातीचा डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

तापाच्या या रांगेत एचआयव्हीसह जगणारी माणसंही बसलेली असतात. बाहेरून ती ओळखू येत नाहीत आणि यायचं काही कारणही नाही. रोज एक गोळी घेऊन शेतीची कामं, मजुरी, दुकानदारी, संसार असं सगळं ती करत असतात. त्यांची एचआयव्हीची औषधं (एआरटी) मिळतात एआरटी सेंटरवर, म्हणजे बोदवडहून सुमारे ५० किलोमीटरवरच्या जळगावच्या सरकारी रुग्णालयात. ताप आला की मात्र जवळचाच डॉक्टर गाठला जातो. जळगावच्या डॉक्टरांना तापाची औषधं माहीत नसतात, गावातल्या डॉक्टरांना रोजची गोळी माहीत नसते. दोन्ही औषधं एकत्र येतात ती रुग्णाच्या शरीरात, आणि तिथे काय घडतं हे कोणती गोळी कोणत्या गोळीला भेटते यावर ठरतं.

भारतात सरकारने मोफत एआरटी सुरू केली ती १ एप्रिल २००४ रोजी. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. त्याआधी २००१ मध्ये मुंबईच्या सिपला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली होती. तोवर हाच उपचार पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात जात होता. तेव्हापासून आजवर आपल्याकडच्या मुख्य गोळीत तीन मोठे टप्पे आले. आधी नेव्हिरॅपिन, मग रात्री झोपताना घ्यायचं एफाव्हिरेंझ, आणि २०२० नंतर डोल्युटेग्राव्हिर. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी ‘टीएलडी’ या नावाने आज बहुतेक प्रौढ रुग्ण घेतात. वीस वर्षं उपचारावर असलेल्या एखाद्या माणसाने ही तिन्ही औषधं घेतलेली असू शकतात. मलेरियाच्या औषधांशी या तिघांचं जमण्याची तऱ्हा मात्र अगदी वेगवेगळी आहे, म्हणून जुन्या चिठ्ठीवरून नवा उपचार ठरवणं धोक्याचं ठरतं.

यकृतातली एन्झाइमं आपण गिळलेली बरीच औषधं मोडतात आणि शरीराबाहेर टाकायला मोकळी करतात. त्यातलं सर्वांत कामसू एन्झाइम सीवायपी-३ए४. जिनिंगमधल्या यंत्रासारखं ते समोर येईल तो माल काढत राहतं. एफाव्हिरेंझ आणि नेव्हिरॅपिन जणू अशी जादा यंत्रं बसवतात, त्यामुळे दुसरी औषधं वेळेआधीच संपतात. रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरचंच आणखी एक औषध उलट ते यंत्रच अडकवून ठेवतं, त्यामुळे दुसऱ्या औषधांचा साठा रक्तात वाढत जातो. डोल्युटेग्राव्हिर या यंत्राला फारसा हात लावत नाही.

याचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनवर. खासगी दवाखान्यांत फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियासाठी ही जोडगोळी सर्रास लिहून दिली जाते. तीन दिवसांत सहा डोस, मोठ्या माणसाला एका वेळी ८०/४८० ची एक किंवा २०/१२० च्या चार गोळ्या. यातलं आर्टेमेथर झपाट्याने परजीवी मारतं, आणि उरलेसुरले संपवण्यासाठी ल्युमेफँट्रिन बरेच दिवस रक्तात टिकावं लागतं. युगांडातल्या अभ्यासांत असं दिसलं, की एफाव्हिरेंझ चालू असेल तर ल्युमेफँट्रिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. म्हणजे रुग्ण सहाच्या सहा डोस नेमाने घेतो, ताप उतरतो, आणि काही आठवड्यांनी परत चढतो. दोष ना रुग्णाचा, ना गोळीचा. एफाव्हिरेंझ बंद केल्यावरही त्याचा हा प्रभाव काही आठवडे टिकतो, म्हणून ‘मागच्याच महिन्यात गोळी बदलली’ हेही डॉक्टरांना सांगावं लागतं.

युगांडातल्याच तोरोरो भागातला एक अभ्यास याच्या नेमकी उलट बाजू दाखवतो. एचआयव्ही असलेल्या काही लहान मुलांना तिथे लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर दिलं गेलं, तर काहींना नेव्हिरॅपिन किंवा एफाव्हिरेंझवर आधारलेला उपचार. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटातल्या मुलांना मलेरिया ४१ टक्क्यांनी कमी झाला. या मुलांच्या रक्तात ल्युमेफँट्रिन जास्त प्रमाणात आणि जास्त काळ टिकत होतं, त्यामुळे उपचारानंतर मलेरिया उलटण्याचं प्रमाण घटलं. पण रक्तात औषध जास्त राहिलं की हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्याची शक्यताही वाढते. आपल्याकडे लोपिनाव्हिर किंवा अटाझानाव्हिर रिटोनाव्हिरसोबत घेणारे रुग्ण बहुधा दुसऱ्या फळीच्या उपचारावर असतात. क्विनीनच्या बाबतीत तर रिटोनाव्हिर त्याचं प्रमाण कित्येक पटींनी वाढवू शकतं. कानात घणघण, चक्कर, ठोक्यांत गडबड ही त्याची लक्षणं. म्हणून अशा रुग्णाला क्विनीन द्यायची वेळ आली तर ईसीजीवर नजर ठेवावी लागते.

टीएलडीवरच्या रुग्णांसाठी बातमी चांगली आहे. निरोगी स्वयंसेवकांवरच्या अभ्यासात आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनसोबत डोल्युटेग्राव्हिरचं प्रमाण थोडं उतरलं, पण विषाणूला रोखायला लागणाऱ्या पातळीच्या ते वरच राहिलं. डोस बदलायची गरज पडत नाही.

मग चिंता संपली का? महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर खरी मेख दुसरीकडे आहे. २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणानुसार ईशान्येकडची राज्यं सोडून इतरत्र फाल्सिपेरमसाठी सरकारी दवाखान्यांत आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन द्यायचं ठरलं. वयानुसार वेगळ्या रंगाची पाकिटं, मोठ्यांचं पांढरं. आता एचआयव्हीच्या रुग्णांची दुसरी गोळी पाहा. प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी ३५० च्या खाली गेल्या की न्यूमोनियासारख्या संसर्गांपासून बचाव म्हणून त्यांना रोज कोट्रायमॉक्साझोल दिलं जातं. दुकानात ते ‘सेप्ट्रान’ नावाने ओळखतात. सल्फाडॉक्सिन आणि कोट्रायमॉक्साझोलमधलं सल्फामेथॉक्साझोल, दोन्ही सल्फा गटातली. पायरिमेथामिन आणि ट्रायमेथोप्रिम, दोन्ही फोलेटच्या एकाच वाटेवर घाव घालणारी. दोन्ही एकत्र दिली की त्वचेवर गंभीर पुरळ उठण्याचा आणि रक्तपेशी घटण्याचा धोका वाढतो. कोट्रायमॉक्साझोल घेणाऱ्या रुग्णाला आर्टेसुनेटसोबत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन टाळावं, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. त्यांच्यासाठी आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनसारखा पर्याय आहे. पण पांढरं पाकीट हातात देणाऱ्या आरोग्यसेवकाला रुग्ण रोज सेप्ट्रान घेतो हे कळलं तरच तो पर्याय वापरला जाणार.

व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियात गोष्टी बऱ्याच सोप्या आहेत. क्लोरोक्विनचा ‘चार, चार, दोन’ हा तीन दिवसांचा हिशेब टीएलडीसोबत निर्धास्त चालतो. यकृतात दडलेले परजीवी संपवण्यासाठी त्यानंतर चौदा दिवस प्रायमाक्विन घ्यायचं असतं. इथे थोडं थांबून विचारायला हवं. काही माणसांच्या रक्तात जन्मतःच जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असतं, आणि प्रायमाक्विनने त्यांच्या लाल पेशी फुटू लागतात. देशातल्या काही आदिवासी समाजांत हे प्रमाण तुलनेने जास्त आढळतं. सल्फाची ॲलर्जी असलेल्या एचआयव्ही रुग्णाला कोट्रायमॉक्साझोलऐवजी डॅप्सोन देतात, आणि तेही याच लाल पेशींवर ताण आणतं. झिडोव्ह्युडिन हे एचआयव्हीवरचं औषध घेणाऱ्यांना आधीच रक्तक्षय असू शकतो. प्रायमाक्विन चालू असताना लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा.

यापेक्षाही सहज नजरेतून सुटतात ती तापासोबत आलेली किरकोळ औषधं. पोटात जळजळ म्हणून ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲसिडिटीचं औषध, आणि मलेरियानंतर ‘रक्त कमी झालं’ म्हणून लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या. हे धातू डोल्युटेग्राव्हिरला पोटातच पकडून ठेवतात आणि ते रक्तात उतरतच नाही. ॲसिडिटीचं औषध घ्यायचंच असेल तर टीएलडी त्याआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी. लोह आणि कॅल्शियम मात्र जेवणासोबत घेतलं तर टीएलडीबरोबर चालतं. ल्युमेफँट्रिनचं गणित वेगळं. ते स्निग्ध पदार्थांसोबतच नीट शोषलं जातं. कपभर दूध चालेल, कळण्याची भाकरी आणि तेल घातलेला ठेचाही चालेल, पण उपाशीपोटी घेतलं तर त्यातलं बरंचसं वाया जातं. ताप भरलेल्या माणसाला जेवण नको असतं, पण या तीन दिवसांत घरच्यांनी दोन घास आग्रहाने भरवावेत. टीबीवर रिफॅम्पिसिन चालू असेल तर गुंता आणखी वाढतो. ते ल्युमेफँट्रिन फार लवकर संपवतं आणि डोल्युटेग्राव्हिरही दिवसातून दोनदा द्यावं लागतं. अशा रुग्णाच्या मलेरियाचा निर्णय एआरटी सेंटरशी बोलूनच व्हायला हवा.

हे सगळं टाळता येण्यासारखं आहे, पण वाटेत भीती उभी असते. लहान गावात दवाखान्यात बाकावर शेजारी कोण बसलंय, कंपाउंडर कोणाचा कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून गोळ्यांची डबी धान्याच्या कोठीत लपते आणि डॉक्टरांनी ‘दुसरी काही औषधं चालू आहेत का?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘नाही’. ही भीती खोटी नाही. पण रुग्णाच्या बाजूने कायदाही उभा आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि डॉक्टरांना ही माहिती गुप्तच ठेवावी लागते. उपचारासाठी गरज पडली तर एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरांशी याबद्दल बोलू शकतो, तेवढी मुभा कायद्यात आहे. डॉक्टरांनीही आपल्या बाजूने हा प्रश्न रांगेसमोर मोठ्याने न विचारता आत, एकट्याला विचारावा.

रुग्णाने करायच्या गोष्टी थोड्या आहेत. तोंडाने सांगायचा संकोच वाटला तर गोळ्यांची डबी किंवा एआरटी सेंटरचं हिरवं पुस्तक डॉक्टरांपुढे ठेवावं, कारण चालू औषधांची नोंद त्यात असते. ताप आला म्हणून एआरटी स्वतःच्या मनाने बंद करू नये. मलेरियाच्या तीन-चार दिवसांसाठी रोजची गोळी थांबवली तर विषाणूला डोकं वर काढायला वाव मिळतो. ल्युमेफँट्रिनचा डोस घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा घ्यावा लागतो. औषधं संपल्यावर ताप परत आला तर त्याच गोळ्यांचं दुसरं पाकीट दुकानातून आणू नये, रक्ताची तपासणी नव्याने करावी. शंका असेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या १०९७ या मोफत हेल्पलाइनवर आपल्या भाषेत विचारता येतं. आणि पुढच्या वेळी जळगावला गोळ्या घ्यायला जाताना तापाच्या औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. समुपदेशकाकडून तिची नोंद हिरव्या पुस्तकात करून घेतली, की पुढच्या तापात बोदवडमध्ये डॉक्टर दुसरे असले तरी आधी कोणती औषधं कोणत्या गोळीसोबत दिली होती हे त्यांना त्या पानावर वाचता येतं.