बायोस डीफॉल्टला आणलं, डिस्कचं काय?

या आठवड्यात लोड-लाइनबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढं ढकलतो आहे. सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न आधी घ्यायलाच हवा. त्यांनी मशीन ओव्हरक्लॉक करून पाहिलं. गेम सुरू केला की निळा पडदा यायला लागला, तेव्हा त्यांनी वेळीच माघार घेतली आणि बायोसमध्ये सगळं डीफॉल्टला आणलं. तरीही ब्राउझर मध्येच बंद पडतो, विंडोजचं अपडेट अर्ध्यावर अडकतं, कधी मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. ‘प्रोसेसर गेला का?’ असं ते विचारतात.

बहुधा नाही. माझा पहिला संशय डिस्कवर आहे.

५ गिगाहर्ट्झला क्लॉकच्या एका ठोक्याच्या वाट्याला ०.२ नॅनोसेकंद येतात. तेवढ्या वेळात सिग्नल पोचला नाही तर पुढच्या टप्प्यात चुकीचा बिट पकडला जातो. त्यानं मशीन कोसळलं तर निदान कळतं तरी. पण पुष्कळदा ते कोसळत नाही. तो बिट एखाद्या फाइलीत जातो, फाइल डिस्कवर जाते. डिस्क स्वतःची चूकतपासणी करते खरी, पण तिच्या हातात पडलेल्या माहितीवर. माहिती येतानाच बिघडलेली असेल तर डिस्क ती इमानेइतबारे जशीच्या तशी जपून ठेवते. त्याच वेळी पाठीमागे विंडोजचं अपडेट चालू असेल, तर बिघडलेली फाइल थेट सिस्टीमच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. नंतर बायोसमध्ये काहीही बदला, ती फाइल सुधारत नाही.

हा प्रकार जुना आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले गुणक, आणि त्याचा गुणक ४.५ ला कुलूपबंद होता, म्हणून वेग वाढवायचा तर बसचा वेग वाढवावा लागे. बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झला नेली की ३०० ची चिप ४५० ला पळायची. ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर हे सुरक्षितही होतं, कारण १०० ला पीसीआय बस एक तृतीयांशानं, म्हणजे नेहमीच्याच ३३ मेगाहर्ट्झला चाले. ज्यांची चिप ४५० ला टिकत नसे ते मधला मार्ग म्हणून ८३ निवडत. तिथं भागाकार दोननंच होई, आणि पीसीआय जवळजवळ ४२ वर जाई. हार्ड डिस्कचा कंट्रोलर त्याच बसवर असे. प्रोसेसर ३७५ ला निवांत चालायचा आणि डिस्कवरची माहिती मात्र नासायची. ४५० पेक्षा ३७५ सौम्य, म्हणून जास्त सुरक्षित, हा हिशेब कितीही पटण्यासारखा वाटला तरी इथं उलटा पडत होता.

आता सांगलीच्या मशीनकडे. मोह होतो तो लगेच चेकडिस्क किंवा एसएफसी ही विंडोजची दुरुस्तीची साधनं चालवायचा. थांबा. हार्डवेअर अजून डळमळीत असेल तर दुरुस्ती करणारा प्रोग्रॅमही त्याच प्रोसेसरवर आणि त्याच रॅममध्ये चालणार, आणि चांगल्या फाइली बिघडवणार. म्हणून डिस्कला हात न लावता आधी हार्डवेअरची खात्री करायची.

मशीन बंद करून प्लग काढा आणि बोर्डावरच्या जंपरनं सीमॉस पुसा. विंडोजमध्ये इंटेलचं एक्सटीयू किंवा बोर्डाबरोबर आलेलं वेग वाढवायचं सॉफ्टवेअर असेल तर काढून टाका. अशी सॉफ्टवेअरं सुरू होताना जुनी सेटिंग्ज परत लावू शकतात. रॅमचं एक्सएमपीही बंदच ठेवा. ते कारखान्याचं सेटिंग वाटत असलं तरी रॅमला आणि प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला ते ओव्हरक्लॉकच आहे. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू द्या. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य हवं. एक चूक दिसली तरी पुढं जायचं नाही.

मेमरी स्वच्छ निघाली की लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून प्राइम९५ चालवा. हा प्रोग्रॅम मोठमोठे गुणाकार करतो आणि उत्तरं आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहतो. चूक झाली की चाचणीचा तो धागा (वर्कर) थांबतो आणि राउंडिंग ०.४ च्या आत असायला हवं होतं, ०.५ आलं, असा संदेश देतो. इथंही काही आलं नाही, तरच डिस्ककडे वळायचं.

इथं माझी एक आवडती चाचणी आहे. चार-पाच जीबीची एखादी जुनी झिप फाइल घ्या आणि सेव्हन-झिपमध्ये तिला ‘टेस्ट’ द्या. झिपमध्ये प्रत्येक फाइलीचा सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, असतो, त्यामुळे एक बिट जरी हलला तरी तक्रार येते. तक्रार आली तर मशीन रीस्टार्ट करून परत तीच चाचणी घ्या. रीस्टार्ट गाळू नका, नाहीतर विंडोज रॅममध्ये राहिलेली तीच प्रत पुन्हा वाचेल. दोन्ही वेळा त्याच फाइलीवर बोट असेल तर ती डिस्कवरच बिघडलेली आहे. दर वेळी वेगळीच फाइल चुकत असेल तर दोष अजून हार्डवेअरमध्ये आहे, मग मेमटेस्ट काहीही म्हणो.

दुरुस्तीत क्रम सांभाळा: चेकडिस्क, मग डिझमचं रिस्टोअर-हेल्थ, शेवटी एसएफसी. एसएफसी चांगल्या प्रती विंडोजच्याच साठ्यातून उचलतं, आणि तो साठाच बिघडला असेल तर डिझमनं तो आधी नीट करावा लागतो. तुमचे फोटो आणि कागदपत्रं मात्र यातलं काहीच सुधारत नाही. ओव्हरक्लॉकच्या दिवसांत लिहिलेल्या फाइली जुन्या बॅकअपशी ताडून पाहा, आणि तोवर त्या बॅकअपवर नवं काही चढवू नका. मी स्वतः अशा वेळी विंडोज नव्यानंच टाकतो.

चिप खरोखरच दुबळी झाली असण्याची शक्यता उरतेच. २००२ मधल्या नॉर्थवुड पेन्टियम ४ ला दीडच्या जागी १.७ व्होल्टच्या वर ठेवणाऱ्यांना याचा चटका बसला होता. डीफॉल्टला प्राइम९५ थांबतं पण वेग २०० मेगाहर्ट्झनं उतरवला की रात्रभर चालतं, असं दिसलं तर संशय चिपवरच घ्यावा. पत्रात व्होल्टेजचा आकडा नाही, तो कळवावा. अर्थात बायोसमध्ये भरलेला आकडा आणि भाराखाली चिपला मिळालेलं व्होल्टेज यांत फरक पडतो, आणि तो लोड-लाइनमुळे पडतो. ते पुढच्या आठवड्यात.