औषधाचा खाडा

'खाडा' हा शब्द कामगारांच्या घरात लहान मुलांनाही ठाऊक असतो. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. त्या दिवसाचा पगार जातो, मुकादमाची बोलणी खावी लागतात, आणि जादा पाळी करून माणूस नुकसान भरून काढतो. परंतु एक खाडा असा आहे की तो जादा पाळीने भरून निघत नाही. तो म्हणजे एच. आय. व्ही.च्या औषधाचा खाडा. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि आजारी सभासदांबरोबर दवाखान्याच्या बाकांवर बसून. तेव्हा जे समजले ते साध्या शब्दांत मांडतो.

आमचा एक सभासद गोदामात हमाली करी. एका खोलीत पाचजण राहत. औषधाची बाटली कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून ती त्याने आमच्या कचेरीच्या कपाटात ठेवली होती. रोज रात्री कचेरी बंद होण्यापूर्वी येई, गोळी घेई आणि निजायला जाई. पुढे त्यास रात्रपाळी लागली. गोळी घेतली की डोके गरगरे, आणि पाठीवर पोते असताना ते परवडणारे नव्हते. "भाऊ, आता बरं वाटतंय. पाळी बदलेपर्यंत नाही घेतली तर काय बिघडतं?" असे त्याने विचारले. आम्हांस उत्तर देता आले नाही. ते उत्तर पुढे आम्ही शोधले. तेच आजचे व्याख्यान.

एच. आय. व्ही. हा विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींत तो शिरतो आणि त्यांनाच आपल्या कामाला जुंपतो. त्यासाठी त्याला तीन कामे करावी लागतात. प्रत्येक कामासाठी त्याच्याजवळ एकेक विकर, म्हणजे रासायनिक कारागीर, असतो. पहिला, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, विषाणूच्या आर. एन. ए.वरून डी. एन. ए.ची नक्कल उतरवतो. दुसरा, इंटिग्रेज, ती नक्कल आपल्या पेशीच्या डी. एन. ए.मध्ये जोडतो. तिसरा, प्रोटिएज, पेशीने तयार केलेली लांबच लांब प्रथिने योग्य जागी कापतो. तेव्हा कुठे नवा विषाणू पुरा होतो.

औषधे या कारागिरांचे हात धरतात. सर्वांत जुने औषध झिडोवुडिन. ते १९६४ साली अमेरिकेत जेरोम हॉरविट्झ यांनी कर्करोगासाठी तयार केले होते. तिथे ते उपयोगी पडले नाही. १९८७ साली त्यास एच. आय. व्ही.साठी मान्यता मिळाली. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. नक्कल करणे म्हणजे एकामागून एक मणी ओवणे. झिडोवुडिन दिसते मण्यासारखेच, पण त्याचे पुढचे टोक बुजलेले असते. हा खोटा मणी ओवला गेला की पुढचा मणी बसत नाही, आणि माळ तिथेच तुटते. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन याच जातीची. एफाविरेन्झचा मार्ग निराळा: जात्यात खडा अडकावा तसे ते कारागिराच्या अंगातच अडकते. डोल्युटेग्राविर हे इंटिग्रेजच्या हातातील मॅग्नेशियम पकडून त्याचा जोड बंद पाडते.

मग एकच औषध का पुरत नाही? कारण हा कारागीर मोठा चुकार आहे. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू निर्माण होतात, आणि नक्कल करताना चुका होतच राहतात. एखादी चूक अशी निघते की तिच्यामुळे औषध लागू पडत नाही. समजा, लाखात एक विषाणू एका औषधाला चुकवतो. दोन औषधांना एकाच वेळी चुकवणारा १,००० कोटींत एक निघेल. म्हणजे रोज एखादा निघणारच! तीन औषधांना चुकवणारा मात्र त्याच्याही लाखपट दुर्मीळ. हा हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा खरा आहे. एकट्या झिडोवुडिनचा गुण काही महिन्यांत ओसरत असे. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देऊ लागले आणि मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. एकट्याने मालकाशी भांडणे आणि संघटनेने भांडणे यांतला फरक ज्यांस कळतो, त्यांस हे वेगळे सांगावयास नको.

आता खाड्याकडे येऊ. गोळी थांबली की तिन्ही औषधे एकाच वेळी शरीर सोडत नाहीत. लॅमिवुडिन लवकर ओसरते. एफाविरेन्झ आठवडाभर, कुणाच्या अंगात त्याहूनही अधिक रेंगाळते. म्हणजे साथीदार निघून गेले आणि एकटाच पहारेकरी उरला. त्यास निकामी करण्यास विषाणूच्या प्रथिनातील एकच दुवा बदलला तरी पुरतो. असा विषाणू एकदा माजला की पुन्हा गोळी सुरू करूनही ती चालत नाही. आणि "बरे वाटते" हा पुरावा नव्हे. काही पेशींच्या डी. एन. ए.मध्ये विषाणू निजून राहतो. तिथे या औषधांचा हात पोचत नाही. औषध सुटले की तो जागा होतो. म्हणून गोळी जन्मभराची.

आमच्या सभासदाचे तसेच झाले. औषध लागू पडेना, वजन घटले. दुसरी, अधिक गोळ्यांची औषधे सुरू करावी लागली. तो वाचला. पण डोके गरगरते हे त्याने डॉक्टरांस वेळीच सांगितले असते, आणि आम्ही त्याची पाळी बदलून घेतली असती, तर हे टळले असते. ती चूक त्याची एकट्याची नव्हती, आमचीही होती.

आज सरकारी केंद्रांत टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची रोज एकच गोळी दिली जाते. तिने डोके गरगरण्याचा त्रास पुष्कळ कमी झाला, आणि विषाणूस तिला चुकवणेही अवघड जाते. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आम्लपित्तावरच्या औषधातील मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात. म्हणून आपली गोळी त्या औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. क्षयावरचे रिफाम्पिसिन यकृताकडून डोल्युटेग्राविरचा फडशा लवकर पाडवते. तेव्हा डॉक्टर बारा तासांनी त्याची आणखी एक मात्रा देतात. ती टाळू नये.

औषध परवडले नाही तरी खाडा पडतोच. श्रीमंत देशांत तीन औषधांचा वर्षाचा खर्च १०,००० डॉलरांहून अधिक होता, तेव्हा २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने ती ३५० डॉलरांत देऊ केली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे ते शक्य झाले. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळू लागली. उरली ती भीती. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एच. आय. व्ही. आहे म्हणून नोकरीत भेदभाव करणे त्याने बेकायदा ठरवले आहे. नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही. शिवाय नियमित औषधाने रक्तातील विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

श्रोतेहो, गोळी रोग्याने घ्यावयाची असते, हे खरे. परंतु ती उघडपणे ठेवता येईल असे घर, ती आणण्यासाठी पगार न कापता मिळणारी अर्ध्या दिवसाची रजा, आणि पाळी बदलून देणारा मुकादम, हे आपण सर्वांनी द्यावयाचे असते. ही आपली हजेरी लागली, तर त्याच्या औषधाचा खाडा पडणार नाही.